दुखण्याचा खरा आकडा

४ फेब्रुवारी

उभ्यानं लिहितेय. खिडकीच्या उंच कट्ट्यावर वही ठेवली की ती बरोबर कोपराच्या पातळीला येते. आमच्या घरात आता कुठली वस्तू किती उंच आहे ते मला विचारा, टेपशिवाय सांगते.

डॉक्टरबाईंनी आज एक छोटी वही दिली. रोज त्यात एक आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नको झालाय. बाकी काही लिहायला त्यात जागाच नाही. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, तीन वर्षांचं दुखणं एका आकड्यात कसं मावायचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मावत नाही ते दुसऱ्या वहीत लिहा आणि मला दाखवू नका." म्हणून ही दुसरी वही. इथं मी वाट्टेल ते लिहिणार.

तर दुखतं कुठं? जगाला मी 'कंबर' सांगितलंय. कंबर नाही. ओटीपोटाच्या अगदी तळाशी, आत, बसलं की जिथं टेकतं तिथं. निखाऱ्यावर बसल्यासारखं. तीन वर्षं तिथं दुखतंय आणि कुणी विचारलं तर चारचौघांत हात ठेवून दाखवायची सोय नाही. पहिल्या डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग म्हणून गोळ्या दिल्या, मग परत दिल्या. दुसरे म्हणाले, सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत, आनंद माना. तिसऱ्यांनी मन रमवायला सांगितलं. चौथे तर पिशवीच काढून टाकू म्हणाले, जशी काही ती घरात अडगळ झाली होती.

मी कारखान्याची गाडी चालवते. पहाटेच्या पाळीच्या चौतीस बायका गोळा करायच्या, कारखान्यात सोडायच्या, मग रात्रपाळीच्या घरी पोचवायच्या. अकरा वर्षं. ऑगस्टपासून रजेवर आहे. बसताच येत नाही तर चालवू काय, कपाळ? वाहतूक साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, एप्रिलअखेरपर्यंत जागा राखतो, मे महिन्यात नवा माणूस घेणार. त्यांचंही चूक नाही. पण ती सीट माझी आहे.

आज डॉक्टरबाईंनी एका बोटानं आतला एक स्नायू दाबला आणि विचारलं, "हे का?" मी ओरडले. आणि मग रडायलाच लागले. दुखलं म्हणून नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी ते सापडलं म्हणून.

५ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तुमची झोळी आवळून बसलीय आणि सोडायचं विसरलीय. मग विचारलं, "कामावर असताना लघवीला कधी जाता?"

"जात नाही."

"म्हणजे?"

"चारला निघते, दहाला परत येते. मध्ये कुठं जाणार? धरून ठेवते. पाणीच पीत नाही ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अकरा वर्षं?"

मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी पेन परत उचललं आणि कागदावर अकरा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

आवळलेल्या स्नायूंत गाठी झाल्यात, त्यांत थेट सुई द्यायची, बधिर करणारं औषध. दर मंगळवारी. तीन-चार खेपांनंतर आकडे बघून पुढचं ठरवायचं. सोबत व्यायाम. "हमी देत नाही," म्हणाल्या, "पण बऱ्याच जणींना उतार पडतो." हमी देत नाही म्हणणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला. एकदम विश्वास बसला.

१० फेब्रुवारी

झालं. पहिली खेप.

खोली छोटी, पडदा निळा, छतावर पाण्याच्या डागाचा एक बेडूक. मी त्या बेडकाकडेच बघत राहिले. डॉक्टरबाई पडद्यावर आतलं चित्र बघून सुई घालतात. प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "आता टोचतेय." एकदाही न सांगता टोचलं नाही. नर्सबाईंचा हात मी इतका दाबला की त्या म्हणाल्या, "अहो, हा हात मला घरी न्यायचाय." गाठीला सुई लागली की आतल्या आत स्नायू टुणकन उडतो, आणि मग हळूहळू ढिला पडतो. पाच ठिकाणी, सगळ्या डाव्या बाजूला. तिकडे जास्त होतं म्हणून.

आणि मग! बाहेर येऊन खुर्चीवर बसले. बसले आणि काही झालं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, अकरा मिनिटं. औषधाचा बधिरपणा आहे, दोन-तीन तासांत उतरेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. उतरू दे. अकरा मिनिटं मिळाली ना! मी समोरच्या अनोळखी बाईला उगीचच सांगितलं, "मी बसलेय." ती म्हणाली, "हो, दिसतंय."

पाय जड झाला होता, नवऱ्याच्या खांद्याला धरून घरी आले. एरवी बडबड्या माणूस, वाटेत एक शब्द बोलला नाही. वैतागला असणार. चष्म्याचं दुकान बंद ठेवून दिवसभर ताटकळायचं म्हणजे कुणीही वैतागेल.

११ फेब्रुवारी

सगळं अंग कुणी बदडून काढल्यासारखं. दुखणं आठ. वहीत सहा लिहिलं. सुईचं दुखणं धरायचं नसतं असं माझं मत आहे.

१३ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. चण हडकुळी, आवाज सैन्यातला. मी मनातल्या मनात तिचं नाव व्यायामबाई ठेवलंय. आतल्या स्नायूवर बोट ठेवून म्हणते, "सोडा."

"सोडलंय."

"नाही सोडलं."

"अहो, सोडलंय!"

"खांदे कानाला लागलेत तुमचे. श्वास घ्या. पोट फुगू दे. आता सोडा."

जन्मभर लोक सांगत आले, पोट आत घे, नीट धर, आवर स्वतःला. आता या वयात ही बाई पैसे घेऊन सोडायला शिकवतेय आणि मला येत नाहीये. हसू आलं. हसताना सुटलं. "हे बघा," ती म्हणाली, "हेच." बिचारीनं पाऊण तास माझ्यासोबत काढला, ठरलेली वेळ अर्ध्या तासाची होती.

नवरा हल्ली उभ्यानंच जेवतो. ताट ओट्यावर, माझ्या शेजारी. विचारलं तर म्हणतो, घाईत आहे. दुकान दहाला उघडतं, आठला कसली घाई?

१७ फेब्रुवारी

दुसरी खेप. डॉक्टरबाईंनी वही बघितली. सहा, सहा, पाच, पाच, चार. त्यांचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू! सकाळपासून बारा पेशंट बघितले होते त्यांनी, डोळ्यांखाली काळं आलं होतं, चहा तसाच गार पडला होता. आणि माझे आकडे बघून त्या माणसात आल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळं माझा दिवस चांगला गेला."

आता अशा बाईला मी काय देणार? तेवढंच देऊ शकते.

डावीकडे खरंच हलकं वाटतंय, खोटं नाही. उजवीकडे आत खोल एक आहे, पाय आत-बाहेर फिरवला की सुरी फिरते. त्यांनी विचारलं, "उजवीकडे काय म्हणतंय?" मी म्हटलं, "ठीक." एका वेळी किती मागायचं माणसानं?

२० फेब्रुवारी

डेपोतले मेस्त्री भेटायला आले होते, संत्री घेऊन. माझ्या गाडीवर सध्या जो बदली ड्रायव्हर आहे त्याच्या कागाळ्या सांगत होते. म्हणजे मला वाटलं कागाळ्या. रोजच्या फेरीच्या कागदावर 'बिघाड' असा एक रकाना असतो. हा पठ्ठ्या तिथं रोज लिहितो, ब्रेक सैल, आरसा हलतो, तिसरा गिअर अडतो. मी म्हटलं, "वेडाय का तो? बिघाड लिहिला की गाडी दोन दिवस शेडमध्ये. बायका खोळंबतात, फुकट बोलणी खावी लागतात." आम्ही सगळे ड्रायव्हर तिथं 'ठीक' लिहितो. गाडी धूर ओकत असली तरी 'ठीक'. अकरा वर्षांत मी दुसरा शब्द लिहिलेला नाही.

मेस्त्री संत्रं सोलत म्हणाले, "पण ड्रायव्हरबाई, गाडीचं पोट उघडायला मी आहे ना. सांगितलंच नाही तर मी काय उघडणार?"

म्हातारे झालेत. पण इतक्या लांबून चालत आले, तेही संत्री घेऊन. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

तिसरी खेप. वहीत तीन. खरं म्हणजे सकाळी चार, दुपारी सहा, उजवीकडे जिना चढताना सात. पण सरासरी काढायला मी काय गणिताची मास्तरीण आहे? तीन.

३ मार्च

चौथी खेप झाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या सुया नकोत. दोनवर आलात. आता व्यायामावर निभेल." आणि कामावर जायची चिठ्ठी दिली! सही, शिक्का, सगळं.

मला काय करू नि काय नको असं झालं. त्यांचे हात धरले, नर्सबाईंचे धरले, झाडू मारणाऱ्या मावशींना पण दोनदा धन्यवाद दिले. त्या म्हणाल्या, "मी काय केलं?" मी म्हटलं, "तुम्ही आहात ना!"

घरी येऊन नवऱ्यासमोर चिठ्ठी नाचवली. त्यानं ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली. "दोन?" म्हणाला. "हो, दोन!" तो म्हणाला, "छान." एवढंच. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानायला मोठं मन लागतं, जाऊ दे.

६ मार्च

काय लिहू.

डेपोच्या मागच्या मैदानात गाडी घेतली, चाचणी म्हणून. मेस्त्री शेजारी बसले. सीटवर चढले, आरसा लावला, ते जुनं स्टिअरिंग हातात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पहिला फेरा झकास. दुसराही. तिसऱ्या फेऱ्याला मेस्त्री म्हणाले, "आता अचानक थांबा म्हटलं की थांबायचं." मी म्हटलं, "म्हणा की!"

"थांबा!"

ॲक्सिलरेटरवरून पाय ब्रेककडे फिरवला आणि उजवीकडे आत ती सुरी. पाय अडला. क्षणभरच, डोळा मिटून उघडावा इतकाच. गाडी जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. टायर होते म्हणून बरं. काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही.

मेस्त्री ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उतरले, बंपर बघितला, परत चढले. चाचणीचा कागद मांडीवर घेतला. ड्रायव्हरची प्रकृती, समोर रिकामी जागा.

"काय लिहू?" म्हणाले.

"लिहा की. ठीक."

त्यांनी पेन माझ्याकडे केलं. "तुम्हीच लिहा. मागं चौतीस सीटा आहेत, एकदा बघा आणि लिहा."

मी मागं बघितलं. तिसऱ्या सीटवर कुणाचा तरी स्वेटर विसरलेला होता. मी पेन हातात घेऊन बसले. मला तो धड तीन अक्षरीसुद्धा नसलेला मेला शब्द लिहवेना. कागद कोराच परत दिला.

ते म्हणाले, "हे काम केलंत ना, ते चांगल्या ड्रायव्हरचं." मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण वाकता कुठं येतं.

७ मार्च

सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला सांगितलं. सगळं. आकड्यांचंसुद्धा. मला वाटलं, म्हणेल, खोटारडी आहेस.

तो बराच वेळ कप पुसत राहिला. कप कोरडा ठक्क झाला होता. मग म्हणाला, "तू झोपेत कण्हतेस. रोज. आणि वहीत तीन, दोन. मला वाटलं, तुला खरंच बरं वाटतंय आणि मलाच ते दिसत नाहीये. मी म्हटलं, मी किती वाईट नवरा आहे, हिला आनंद झालाय आणि मी संशय घेतोय."

"अरे, मग विचारायचं ना!"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"ठीक."

दोघंही हसलो, आणि मग मी रडले. सतरा वर्षांच्या संसारात हा माणूस रात्री जागून माझं कण्हणं ऐकत होता, आणि मी समजत होते घोरतोय.

१० मार्च

गेले. बाहेर बाकाशेजारी पाऊण तास उभी होते. आत जाऊन चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ही परत घ्या. माझे आकडे खोटे होते."

डॉक्टरबाई रागावल्या. अगदी खऱ्या रागावल्या, कान लाल झाले. "अहो, मी तुमच्या आकड्यांवर भरवसा ठेवून उजवीकडे सुई लावली नाही! तुम्ही मला अंधारात सुई मारायला लावलीत! का?"

आता काय सांगू? मी म्हटलं, "तुम्ही इतकं केलंत. तुमचा चहा गार झालेला असायचा. मला वाटलं, निदान आकडा तरी चांगला द्यावा तुम्हाला."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "मला नको तुमचा चांगला आकडा. मला खरा आकडा द्या." आणि थोड्या वेळानं, "आणि चूक माझीही आहे. वही वाचली, हात लावून बघायला हवं होतं. 'ठीक'वर मीही समाधान मानलं."

इतक्या मोठ्या डॉक्टर, माझ्यासमोर चूक कबूल करतात! मला लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी कुणी पाठीवरचं पोतं उतरवलं असंही.

मग त्यांनी एक पायपुसणं मागवलं. जमिनीवर ठेवलं. "हा ॲक्सिलरेटर, हा ब्रेक. चालवा." मी उभी राहून हवेत गाडी चालवली. नर्सबाई हसू दाबत होत्या. डॉक्टरबाई माझ्या मागं बसून हात कमरेच्या खाली धरून होत्या. "ब्रेक!" म्हणाल्या. सुरी फिरली, मी आई गं म्हटलं, आणि त्या म्हणाल्या, "सापडला. मांडीच्या हाडापर्यंत जाणारा आतला स्नायू. पाय फिरवायचं काम याचंच. हा एकटा राहिला होता."

आजच सुई दिली. जास्त खोल, जास्त दुखली. "आता टोचतेय" आजही आधीच म्हणाल्या.

आकडा: सात. लिहिताना हात जड झाला होता, पण लिहिला.

१७ मार्च

सात, सात, आठ, सात. डॉक्टरबाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "शाब्बास." सातला शाब्बास! उजवीकडे दुसरी खेप. व्यायामबाईनं मात्र झापलं. "मी महिनाभर तुमच्या खोट्या आकड्यांवर व्यायाम आखले! तुमच्या सातला ते झेपणार होते का?" तिचंही खरंय. नवे, सोपे व्यायाम दिले. घरी जाऊन कसं करायचं ते कागदावर चित्रं काढून दिलं. चित्रातली बाई बेडकासारखी दिसते.

२४ मार्च

तिसरी खेप. सहा, सात, सहा. हलत नाहीये.

भीती वाटतेय. खरं बोलण्याचं हे फळ का? खोट्या दोनवर मी किती सुखात होते. एप्रिल तोंडावर आला. नाहीच सुटलं तर? दुसऱ्या कुणाची तरी पाण्याची बाटली माझ्या सीटशेजारी. डॉक्टरबाईंना विचारलं, "नाही झालं तर?" त्या म्हणाल्या, "तर दुसरं काही बघू. तुम्हाला एकटं सोडत नाही." हमी नाही दिली. पण हेही कुणी आजवर म्हटलं नव्हतं.

२७ मार्च

सकाळी शिंकले. शिंक आली की मी भिंत धरते, सवय. धरली, शिंकले, आणि वाट बघत उभी राहिले. काही आलं नाही. परत शिंकायचा प्रयत्न केला, आली नाही मेली. पाच.

३१ मार्च

चौथी उजवीकडची खेप. आता सुया थांबवू, स्नायू आपणहून सुटायला शिकतोय, म्हणाल्या. यावेळी हात लावून, पाय फिरवून, पायपुसण्यावर गाडी चालवायला लावून मग म्हणाल्या. आकडा चार, त्यांच्या हातालाही चारच लागला. नर्सबाईंना त्या म्हणाल्या, "दोघांचा मेळ बसला बघा."

एक लिहू की नको असं चाललंय. ही वही कुणी बघत नाही, लिहितेच. सकाळी जागी झाले तर नवऱ्याचा हात माझ्या पोटावर होता. झोपेत आला असणार. किती महिने तो पलंगाच्या अगदी काठावर झोपत होता, धक्का लागेल म्हणून. मीही कुणी जवळ आलं की आतून दचकायची. आज दचकले नाही. तसाच राहू दिला. तो जागा असता तर लगेच हात काढून घेतला असता, म्हणून मी श्वाससुद्धा हळू घेत होते. नंतर लक्षात आलं, तोही अगदी हळू श्वास घेत होता.

९ एप्रिल

टेबलाशी बसून जेवले. वीस मिनिटं! मी बसल्याबरोबर नवऱ्यानंही खुर्ची ओढली आणि बसला. अगदी सावकाश जेवला, दोनदा वाढून घेतलं. म्हटलं, "आज घाई नाही वाटतं?" म्हणाला, "आज नाही." बरं झालं, दुकानातली कामं आटोपली असतील.

१८ एप्रिल

डेपोच्या मैदानात पुन्हा. मेस्त्री, गाडी, मी. "थांबा!" सात वेळा. सात वेळा पाय सरळ ब्रेकवर. आठव्यांदा त्यांनी न सांगता एक रिकामं पिंप ढकलून समोर सोडलं, लबाड माणूस. थांबले. पिंप गडगडत बंपरपाशी येऊन टेकलं.

कागद काढला. मी म्हटलं, "द्या इकडं." ड्रायव्हरची प्रकृती, समोर लिहिलं: 'उजव्या बाजूला आत थोडं दुखतं, दोन. पाऊण तासानंतर तीन. ब्रेकला अडचण नाही. मध्ये दहा मिनिटं थांबा हवा.' रकान्यात मावेना, मागच्या पानावर गेलं. मेस्त्री म्हणाले, "आता हिचं पण लिहा," आणि गाडीच्या बोनेटवर थाप मारली. तिच्या नऊ गोष्टी निघाल्या.

२२ एप्रिल

वाहतूक साहेब म्हणाले, मध्ये दहा मिनिटांचा थांबा कशाला? अकरा वर्षं लागला नाही. मी सरळ सांगितलं. कंबर नाही साहेब, ओटीपोट. अकरा वर्षं धरून ठेवलं म्हणून तीन वर्षं दुखतंय आणि ऑगस्टपासून घरी उभी आहे. ते खुर्चीत इतके मागं सरले की भिंतीला टेकले. "बरं, बरं, घ्या दहा मिनिटं." डॉक्टरबाईंचं पत्र बरोबर होतंच, पण ते उघडायची वेळच आली नाही. पेट्रोलपंपाशी थांबायचं ठरलं.

२७ एप्रिल

पहाटे चार. नवरा दारापर्यंत आला, बाहेर उभा राहिला. "पोचलीस की फोन कर." मी म्हटलं, "अकरा वर्षं केला नाही." "आता कर."

बायका चढल्या. एकेक जण दारातच थबकत होती. "आलीस गं बाई!" "कंबर बरी झाली का?" माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. पण म्हटलं, आता पुरे. पेट्रोलपंपाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, वळले आणि सांगितलं, "कंबर नव्हती. ओटीपोट होतं. लघवी धरून धरून स्नायू आवळले होते, आत सुया घ्याव्या लागल्या. म्हणून आजपासून इथं दहा मिनिटं थांबायचं. ज्यांना जायचंय त्यांनी उतरा."

मला वाटलं, झालं, आता महिनाभर टिंगल. मग पॅकिंगवाली मोठी बाई, जिला अकरा वर्षांत मी कधी हसताना बघितलं नाही, ती उठली. दांड्याला धरून हळूहळू उठली. म्हणाली, "त्या डॉक्टरबाईंचा पत्ता दे मला." आणि खाली उतरली. तिच्यामागून दुसरी. मग सगळ्याच. चौतीसच्या चौतीस. दोन संडासांना एवढी रांग लागली की दहाची पंधरा मिनिटं झाली, आणि रांगेत सगळ्या खिदळत होत्या. पंपावरचा माणूस बघतच राहिला.

कारखान्यात पोचलो. उतरताना प्रत्येकीनं माझ्या खांद्याला हात लावला. फाटक बंद झालं. रात्रपाळी सुटायला अजून वेळ होता. एरवी गाडी थांबली की मी उतरून पाठीवर हात देत फेऱ्या मारायची. आज उतरले नाही. इंजिन बंद, आरसा, स्टिअरिंग, सीट. आकडा दोन. दोनचा दोनच, खरा. काही काम नव्हतं, कुणाची वाट बघत नव्हते, तशीच सीटवर बसून राहिले. तीन वर्षांत मी एकदाही उगीच बसले नव्हते. बसायचं म्हणजे आधी मिनिटं मोजायची. आज मोजली नाहीत.

नवऱ्याला फोन केला.

"पोचलीस?"

"पोचले."

"मग आता चालतेयस का? चाल हं थोडं. सगळ्या उतरल्या ना?"

"उतरल्या. मी नाही उतरले."

"का? काय झालं? दुखतंय का?"

"नाही रे. काही नाही झालं. बसलेय."

"बसलीयेस?"

"हो. नुसती बसलेय."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी हॅलो हॅलो केलं. मध्येच कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं, मग परत शांत. आमच्या कारखान्याच्या फाटकाशी फोन नीट लागतच नाही कधी. तरी मी कापला नाही. फोन कानाला धरून तशीच बसून राहिले, बराच वेळ.